बारावी कोय

निळे निळे डोंगर जिथं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेले आहेत, तिथं सोनसळी नावाची नदी वाहायची. तिच्या काठी एक गवताची झोपडी होती आणि झोपडीत कौतिका नावाची चिमुरडी राहायची. राहायची म्हणायचं आपलं. तिला घर असं कुठंच नव्हतं.

तिचा बाबा लखमा नदीची वाळू धुऊन सोनं काढायचा. लाकडाच्या परातीत वाळू घ्यायची, पाण्यात गोल गोल हलवायची. हलकं असतं ते वाहून जातं, जड असतं ते तळाशी राहतं. दिवसभर हलवलं की मोहरीएवढा कण. एका नदीतले कण सरले की दुसरी नदी. परात डोक्यावर, कोंबडी काखेत, आणि बापलेक निघाले. आई नव्हती. होती ती एवढीच दोघं.

कौतिका प्रत्येक मुक्कामाला आंब्याची एक कोय लावायची. कोयीला तांबूस, लुसलुशीत पानं फुटायची. पानं हिरवी होतात न होतात तोच बाबा म्हणायचा, "चल पोरी." अकरा मुक्काम झाले, अकरा कोया झाल्या. एकीचाही मोहर तिनं पाहिला नव्हता. सोनसळीच्या काठी तिनं बारावी कोय लावली आणि तिच्या कानात सांगितलं, "तुझा मोहर बघितल्याबिगर मी जायची नाही हं."

एके दिवशी लखम्याला ज्वारीच्या दाण्याएवढं सोनं सापडलं. झालं! बातमीला पाय फुटले. बाजाराच्या गावी पोचेपर्यंत तो दाणा हरभऱ्याएवढा झाला, घाट उतरला तेव्हा बोराएवढा, आणि शहरात शिरला तेव्हा चांगला नारळाएवढा!

मग काय विचारता! बैलगाड्या आल्या, गाढवं आली, डोक्यावर गाठोडी घेऊन माणसं आली. लोहार आला, चांभार आला. धुरपदामावशी तान्ही लेक पाठीला बांधून आली. तिनं सोन्याकडं पाहिलंसुद्धा नाही, तीन दगडांची चूल मांडली आणि गरम भाकऱ्या थापायला लागली. रिकाम्या काठावर झोपड्यांची ओळ झाली, ओळीची आळी झाली. कौतिकाला खेळायला बारा मैत्रिणी मिळाल्या.

लखम्याच्या घरची एक जुनी रीत होती. सकाळची पहिली परात धुवायची नाही, तशीच नदीला परत द्यायची. नदीचा घास म्हणायचे त्याला. ते काम कौतिकाचं. तिला बघून सोमाजी खो खो हसायचा. हा सोमाजी मोठा बातम्या पिकवणारा गडी.

"अगं येडे, सोनं पाण्यात फेकतेस? माझ्या परातीत टाक की!"

"नदीला भूक लागते, काका," कौतिका म्हणायची आणि हलकेच परात तिरपी करायची.

अशीच एका सकाळी तिनं परात तिरपी केली, तर वाळूत काहीतरी लखलखलं. खाली वाकून बघते तो काय, बोटाच्या पेराएवढी परी! हळदीच्या रंगाचं परकर-पोलकं, अभ्रकाचे चकचकीत पंख, आणि पंखांत वाळूच वाळू. कौतिकानं ओंजळीतल्या पाण्यानं एकेक पंख धुतला.

"कालपासून अडकलेय गं," परी म्हणाली. "दुसऱ्या कुणी सोनं समजून थैलीत कोंबलं असतं. तू नदीला परत देत होतीस. माग, दोन गोष्टी माग."

"गोष्टीतल्या पऱ्या तर तीन देतात!"

"त्या थोरल्या पऱ्या. मी केवढीशी बघ ना! आणि माझे नेम ऐक. सोनं मागायचं नाही. कुणाचे पाय बांधायचे नाहीत की कुणाला ढकलायचं नाही. आणि मागशील ते या परातीत मावलं पाहिजे."

कौतिकाच्या ओठावर मोहर आलाच होता. पण तेवढ्यात तिला रडणं ऐकू आलं. इतकी माणसं वाळू उपसत होती की सोनसळीचं पाणी चिखलाचं झालं होतं. ते पिऊन धुरपदामावशीची तान्ही आजारी पडली होती. कौतिकानं मोहर गिळला आणि म्हणाली, "परीताई, परातभर निर्मळ पाणी दे. कधी न सरणारं."

परात काठोकाठ भरली. कौतिकानं पाणी जमिनीवर ओतलं आणि तिथंच झुळझुळ झुळझुळ झरा फुटला. चार दिवसांत तान्ही खुदुखुदु हसू लागली.

झऱ्याकाठी लोकांनी पार बांधला, भाज्या लावल्या, शेळ्या आणल्या. पण सोनं काही झऱ्यासारखं नव्हतं. ते कमी होत होत पार संपलं. आणि एका सकाळी सोमाजी धावत आला.

"ऐकलंत का? काळ्या डोंगरापल्याड सोनं निघालंय! नारळाएवढं!"

"अरे मुडद्या," धुरपदामावशी भाकरी उलटत म्हणाली, "तो आपल्या लखम्याचाच दाणा असंल. गावभर हिंडून माघारी आलाय!"

सगळे हसले. पण हसता हसता गाठोडी बांधू लागले. लखम्यानंही कोंबडी काखेत घेतली. "चल पोरी."

कौतिका झऱ्याच्या पाण्यानं परात भरून घेऊन नदीकडं पळाली. "परीताई, बाबाला थांबव!"

"पाय बांधायचे नाहीत, राणी."

"मग हे गाव मला दे."

"परातीत मावेल का ते?"

कौतिकानं मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी टपकन परातीतल्या पाण्यात पडलं. पाणी हललं आणि थांबलं. त्यात निळा धूर होता, झोपड्या होत्या, छपरावर चढलेली शेळी होती, बाराव्या कोयीचं दोन वितींचं रोप होतं.

"मावलं!" ती ओरडली. "सगळं गाव मावलं! परीताई, मला जसं माझं गाव दिसतंय तसं सगळ्यांना आपापलं एकदा दिसू दे. मग ज्याला जायचं तो जाईल."

परीनं पाण्याला पंख लावला.

कौतिका परात घेऊन दारोदार फिरली. लोहारानं पाहिलं, त्याला भाता फुललेला दिसला आणि दारात नांगरांची रांग. धुरपदामावशीला तान्ही मोठी होऊन तिच्या शेजारी भाकरी थापताना दिसली. सोमाजीनं डोळे बारीक केले. पाण्यात तो पारावर बसला होता आणि भोवती पोरं त्याच्या थापा ऐकत होती. "मला आजवर कुणी दुसऱ्यांदा बसून ऐकलं नाही रे," तो पुटपुटला आणि गाठोडं सोडायला लागला.

शेवटी लखमा. तो बराच वेळ बघत राहिला. त्याला काय दिसलं ते त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही.

"बाबा, हलकं वाहून जातं ना?"

"व्हय. अन् जड राहतं." त्यानं कोंबडी खाली सोडली. "आपण राहू, पोरी."

सगळेच काही राहिले नाहीत. सात घरं गेली. मावशीनं त्यांना वाटेसाठी भाकरी-चटणी बांधून दिली. बाकीची राहिली, आणि त्यांची झाली कोयवाडी.

दुसऱ्या सकाळी कौतिका नदीचा घास द्यायला गेली, तर परी वाट बघत होती.

"मागून झालं तुझं. आता न मागितलेलं घे."

तिनं बारा गिरक्या घेतल्या. पहिलीला रोप कमरेएवढं झालं, पाचवीला छपराएवढं, आणि बारावीला फांदीफांदीवर मोहरच मोहर! पिवळा, सोनेरी, घमघमणारा. मधमाश्या गुणगुणायला लागल्या. कौतिका वर बघून हसली आणि रडली, दोन्ही एकदमच.

"आणि माझ्या त्या अकरा?" तिनं विचारलं.

"त्याही मोहरल्यात गं. वाटेनं जाणारी ती सात घरं आज त्यातल्याच एकीच्या सावलीत बसून भाकरी खाताहेत."

एवढं बोलून परी उन्हात शिरली. आधी पंख चमकले, मग नुसती चमक उरली, मग मोहरावर सांडलेलं लख्ख ऊन.

अजून कोयवाडीत पहिली परात नदीला आणि पहिला आंबा वाटसराला. कोय रुजली, सावली पडली, ऐकणाऱ्यांनी सावलीत बसावं, सांगणाऱ्यानं झऱ्याचं पाणी प्यावं.