साळुंकीने निवडलेलं शहर

पाखरं एकमेकांना वाट विचारून प्रवास करत, त्या काळातली ही गोष्ट. माळावरचा वड तोडला गेला आणि भुरी साळुंकीचं बिऱ्हाड उघड्यावर पडलं. जवळच्या शहरापर्यंत तिची म्हातारी आई कशीबशी उडाली असती, पण तिथे दाणापाणी नव्हतं. दूरच्या शहरात धान्याचा मोठा बाजार होता; वाटेत मात्र टेकायला एकही झाड नव्हतं.

"पिल्लं जगायची तर दूरच जायला हवं," नवरा म्हणाला. भुरी आईकडे बघत राहिली.

"जा गं बाई," आई म्हणाली. "मी येते मागून, सावकाश."

ते आईला जमणार नाही, हे भुरीला कळत होतं. तरी ती "बरं" म्हणाली आणि मागे न बघता उडाली.

नव्या शहरात पिल्लांनी बाळसं धरलं. संध्याकाळी थवा झाडावर परतला, की भुरी आभाळाकडे डोळे लावून बसे.

"कुणाची वाट बघतेस?" एकदा शेजारणीने विचारलं.

"आईची. ती जरा हळू उडते."

नवरा फांदीवर थोडा सरकला आणि त्याने भुरीच्या शेजारी एकीला बसण्यापुरती जागा केली.