गोर्मलेच्या मागून निघालेलं पाणी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे इतक्या की खरंखोटं करायला आता कुणी उरलेलं नाही, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक गाव होतं. गावाला विहीर एकच. तिच्यात जळदेवता राहायची. सगळे तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचे. पाणी भरण्याआधी विहिरीला फेरी घालायची, तीही सूर्य फिरतो त्या बाजूने, आपण देवळात घालतो तशीच. उलटी फेरी घातली तर बाई रुसते, असं म्हणतात.

विहीर राखायचं काम गोर्मलेकडे होतं. दिवसाची पहिली फेरी तिने एकटीने घालायची, गाव उठायच्या आत. लहानपणी मावशीने तिला शिकवलं होतं, “जेवायचा हात विहिरीकडे ठेव, म्हणजे चुकायची नाहीस.” मावशीला तेव्हा डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि गोर्मला होती डावखुरी. झालं! पोरीने डावा हात विहिरीकडे ठेवला, आणि केस पिकले तरी ती इमानेइतबारे उलटीच फिरत राहिली. विहीर मात्र काठोकाठ भरलेली असायची.

मग एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं. गावातला जाणता म्हातारा दोनाल काळजीने पहाटेच विहिरीवर आला आणि जागच्या जागी थबकला.

“अगं गोर्मला, उलटी काय फिरतेस?”

“उलटी कुठे, दोनालबाबा? जेवायचा हात विहिरीकडेच आहे की!”

“तुझा जेवायचा हात, बये! तुझा!”

गोर्मलेने आपल्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिलं.

बातमी गावभर झाली. पाणी आलं नाही तर गाव उठणार होतं. गाड्यांवर सामान चढायलाही लागलं होतं. आणि गोर्मलेला गावाशिवाय दुसरं होतं कोण? तिच्या डोक्यात नुसता गोंधळ. आपण चुकत होतो, तर बाईने इतकी वर्षं पाणी दिलं कशाला? आणि चुकत नव्हतो, तर आता का आटवलं?

“सरळ फेऱ्या घाल,” दोनाल म्हणाला. तिने घातल्या. काही नाही. “बाईला उलटीचीच सवय झाली असेल,” बाकीचे म्हणाले. तिने उलट्या घातल्या. तरी काही नाही. लोक आपापसांत भांडायला लागले आणि ती बिचारी इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिली. शेवटी भोवळ येऊन काठावर बसली.

“बाई,” ती रडत म्हणाली, “मला काही कळत नाही गं.”

एवढं बोलून ती उठली आणि घराकडे चालू लागली. मागे एकदम आरडाओरडा झाला. लोक शिव्या देताहेत असं वाटून ती आणखी भरभर चालली. मग पायांना गार लागलं. वळून बघते तर विहिरीतून पाणी उसळून वर आलेलं आणि तिच्या मागोमाग येतंय! ती थांबली की पाणी थांबे, ती निघाली की पाणी निघे.

“चालत राहा!” सगळे ओरडत होते.

“कुठवर?” तिने विचारलं. ते कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून ती चालत राहिली, प्रत्येक दारावरून, प्रत्येक शेताच्या कडेने, थेट समुद्रापर्यंत. तिथेही तिला थांब म्हणायला कुणाला सुचलं नाही. लाटांत शिरताना तिने एकदा मागे वळून बघितलं, असं म्हणतात.

तिने आणलेला ओढा आजही वाहतो आणि गाव जागचं हललेलं नाही. विहिरीला आता कुणी उजवीकडून फेरी घालतं, कुणी डावीकडून. कुणी कुणाला टोकत नाही. फक्त पाण्यात बादली सोडण्याआधी प्रत्येकाने, मग तो गावचा पुढारी का असेना, मोठ्याने म्हणायचं, “मला काही कळत नाही.” सगळ्यांत आधी ते म्हणाला दोनाल, त्याच संध्याकाळी, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याने कुणाला वाट दाखवली नाही.