तुंगकेतूच्या दारचे पाणी

कृतयुग अजून उतरणीला लागले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. पश्चिमेला, जिथे सात दिवस चालले तरी वाळूवाचून काही दृष्टीस पडत नाही, त्या मरुभूमीच्या मध्यभागी तुंगकेतू नावाचा पर्वत उभा होता. आज कुणाचा विश्वास बसणार नाही, पण त्या काळी त्याच्या शिखरावर देवदारांची वने होती, मेघ त्याच्या खांद्यावर मुक्कामाला येत आणि कड्यांवरून एकवीस निर्झर अहोरात्र कोसळत. त्यातला एक थेंबही त्याच्या कर्तृत्वाचा नव्हता. सगळे मेघांचे देणे! पण मिजास अशी, की जणू समुद्र यानेच खणला.

या तुंगकेतूचा एक आचार होता. अतिथीने आपले गोत्र व प्रवर स्वमुखाने उच्चारावेत, मगच त्याला अर्घ्य आणि जल मिळावे. आग लागो असल्या आचाराला! तहानलेल्याला कूळ विचारणारा यजमान कसला?

एका ग्रीष्मात ऋतंभर नावाचे वृद्ध तपोनिधी आणि त्यांची पत्नी अरणिका मरुभूमी ओलांडत तेथे आली. वाटेतली एकुलती एक विहीर आटली होती. तीन दिवस पाणी नाही. मुनींची जीभ टाळूला चिकटली होती. अखेरचा चढ अरणिका त्यांना पाठीवर घेऊन चढली आणि निर्झरापासून दहा पावलांवर तिने त्यांना खाली ठेवले.

रत्नमुकुट घातलेला, मनुष्यरूप धारण केलेला तुंगकेतू सुवर्णकलश घेऊन सामोरा आला. "स्वागत असो, मुनिवर. आपले गोत्र?"

मुनींचे ओठ हलले. शब्द फुटला नाही.

"पर्वतराज, यांचे गोत्र मी सांगते," अरणिका म्हणाली.

"देवी, पती समोर असताना पत्नीचा उच्चार आमच्याकडे ग्राह्य नाही."

"अहो, यांना बोलण्यासाठीच तर पाणी हवे आहे! एक ओंजळ द्या, मग हवे तर सगळे वेद म्हणवून घ्या."

"आचार म्हणजे आचार. आज एकाला सवलत दिली, की उद्या कोणीही येईल."

अरणिका झऱ्याकडे धावली. तुंगकेतूने भुवई उचलली. कडा सरकला आणि झऱ्याचे मुख बंद झाले. तिने नखांनी दगड ओरबाडले, बोटे रक्ताळली. मागे वळून पाहते तो मुनींचे प्राण गेले होते. डोळे मात्र पाण्याच्या दिशेला उघडे होते.

तेव्हा त्या मेल्या पर्वताने काय म्हणावे? "अंत्यविधीसाठी हवे तेवढे जल न्यावे. प्रेताला गोत्र विचारण्याचा आमचा नियम नाही."

अरणिकेने तो कलश त्याच्या हातातून हिसकावून कड्यावर आपटला. "निर्लज्जा! जिवंत माणसाला थेंब नाही आणि मढ्याला कलश? ऐक, तुंगकेतू! मी केलेल्या पतिसेवेत काही सत्य असेल, तर मेघ तुझ्या दाराशी येतील आणि न थांबता पुढे जातील. चुकून बरसलेच, तर धारा तुला डोळ्यांनी दिसतील, पण तुझ्या माथ्याला स्पर्श करण्याआधीच हवेत विरून जातील. दिवसा तू भाजशील, रात्री गोठशील आणि याच ओढाताणीत तुझे अंग तडकून तडकून त्याची वाळू होईल!"

बोल पुरे होताच एकवीसही निर्झर आटले. देवदार उभ्या उभ्या वाळले. तुंगकेतू तिच्या पायांवर कोसळला. "माते, क्षमा कर! उःशाप दे!"

"उःशाप? माझा नवरा उठवतोस?"

अरणिकेने पतीचा देह पाठीवर घेतला आणि ती आल्या वाटेने उतरून गेली. इंद्रानेही मध्ये पडायचे धाडस केले नाही.

तेव्हापासून ते शिखर तसेच आहे, उघडेबोडके, गवताची काडी नसलेले. क्षितिजावर ढग दिसला, की कपारींतून वारा घुमू लागतो. वाळवंटातले लोक सांगतात, तो वारा नव्हे, तुंगकेतू आहे. घसा फाटेस्तोवर तो त्या ढगाला आपले गोत्र सांगत असतो, आणि ढग पुढे निघून जातो.