सुतकातली पेज

पेज हा शब्द संस्कृतातल्या 'पेया'वरून आला. पेया म्हणजे जी प्यायची ती. तरी भाताचे नुसते पाणी म्हणजे पेज नव्हे. पेजेत शीत हवे, आणि ते इतके मऊ शिजलेले हवे, की थंडीने दातखीळ बसलेल्याच्याही घशाखाली उतरावे. नांदवेळच्या किनाऱ्यावर दुखण्यातून उठलेल्याच्या तोंडात पहिले अन्न पडते ते पेजेचे. समुद्रातून उठलेल्याच्या तोंडातही तेच पडते, आणि ही दुसरी रीत आवडायपासून सुरू झाली.

फार वर्षे झाली त्याला. गलबते वाऱ्याच्या मर्जीने चालत, त्या काळी गावापासून दूर, नांदवेळच्या टोकावर आवडाय नावाची एक विधवा खारवीण राहत असे. तिचा एकुलता लेक धाकू खलाशी होऊन मस्कतेच्या वाटेला गेला. गलबत परत आले नाही आणि धाकूही आला नाही. आवडाय रोज टोकावर जाऊन बसे. शीड दिसले की उठे, शीड दुसरीकडे वळले की पुन्हा बसे. तिच्या बसण्याने तिथल्या कातळाला खळगा पडला, असे म्हणतात.

तिला घोर एकच होता. धाकू भिजून कुठल्या परक्या वाळूवर लागला असेल, तर त्याच्या तोंडात कोणी ऊन ऊन काही घातले असेल का? त्या मुलखात पेज करतात की नाही, हेही तिला ठाऊक नव्हते.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे अडकलेला जीव सुटतो, अशी रीत. बारा वर्षे भरली तेव्हा तिचा दीर विसू तांडेल येऊन ओटीवर बसला.

"वहिनी, पोराला आता मोकळा कर."

"मी काय त्याला दावणीला बांधलाय, भावोजी?"

"बांधलायस. तू वाट बघतेस, म्हणून त्याला पुढे जाता येत नाही."

हे शब्द तिच्या जिव्हारी लागले. आपल्या आशेने लेकाला अडकवून ठेवले असेल, हे तिला सोसवेना. ती हो म्हणाली.

पुतळा झाला. डोक्याच्या जागी नारळ होता. आवडायने त्यावर धाकूचे मुंडासे स्वतःच्या हाताने बांधले. विसूने अग्नी दिला. भटजींनी बजावले, "अस्थी सावडेपर्यंत घरात चूल पेटता कामा नये. पेटली तर विधी मोडला, आणि मोडलेला विधी पुन्हा होत नाही." आवडायने चुलीतली राख काढली आणि ती थंड चुलीकडे पाठ करून बसली.

त्याच रात्री अवेळी तुफान झाले. सकाळी ती टोकाखाली उतरली, तो वाळूत एक तरुण पडलेला. कानात चांदीची बाळी, ओठ निळे पडलेले. तो काहीतरी पुटपुटला, पण तिला एक अक्षर कळले नाही. हात धरून पाहिला, तर तो माशासारखा गार. तिने त्याला ओढत घरात आणले, गोधडीत गुंडाळले, आणि ती अंगणातल्या सरपणाकडे वळली.

सुतकातल्या घराला अन्न पोचवायचे भाऊबंदांनी. म्हणून विसू डोक्यावर भाताचे टोपले घेऊन निघाला होता. पण मधला व्हाळ तुफानाने फुगलेला. पलीकडच्या काठावरून त्याने तिच्या हातातल्या काटक्या पाहिल्या आणि तो ओरडला, "वहिनी, चूल पेटवू नको गो! पोर कायमचा वाटेत राहील!"

आवडाय थबकली. ती काटकी पेटली की धाकूची सुटका संपली, हे तिला पुरते कळत होते. तिने आत गोधडीकडे पाहिले. गोधडीची थरथरही आता मंदावली होती.

"धाकूला थांबायची सवय झालीय, भावोजी," ती म्हणाली. "ह्याला नाही." आणि तिने चकमक झाडली.

ओल्या सरपणाचा धूर वाऱ्याला न जुमानता सरळ चढला. माडाच्या शेंड्याला लागला, मग ढगाला लागला, असे म्हणतात. त्या तरुणाचे सोबती तुटलेल्या डोलकाठीला धरून, दिशा हरवून, समुद्रात तरंगत होते. त्यांनी धूर पाहिला. चूल आहे तिथे माणूस असणार, एवढे कुठल्याही भाषेत कळते. एकामागून एक ते किनाऱ्याला लागले. मडके एकच होते, पण ते शेवटच्या माणसापर्यंत सरले नाही, असे म्हणतात.

व्हाळ उतरल्यावर विसू तणतणत आला. पाहतो तर अंगणभर परके लोक, आणि प्रत्येकाच्या हातात करवंटी. "किती गो हे! मीठ तरी उरलंय का घरात?" असे म्हणून त्याने टोपले खाली ठेवले आणि तो सरपण फोडायला बसला.

वारा फिरला आणि ते लोक आपल्या मुलखाला गेले. आवडाय पुन्हा कातळावर बसू लागली. पुढे कधीतरी एका नाखव्याने तिला सांगितले, की पलीकडच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्या बाया बुडत्यांसाठी मडके चढवून ठेवतात.

"पेजेचं?"

"नाही बाय, खजुराचं काहीतरी असतं."

"ऊन असतं ना?"

"असतं."

त्या रात्री ती झोपली.

आजही नांदवेळला मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही. पण त्या घरची बाई टोकावर दगड मांडून पेज शिजवते, आणि त्या वाटेने जो येईल त्याला, नावगाव न विचारता, करवंटी भरून देते.

अलीकडे सांगणारे या गोष्टीचा शेवट गोड करतात. तो तरुण धाकूच होता आणि आईने त्याला खुणेवरून ओळखले, असे सांगतात. ते चूक आहे. पहिली करवंटी त्याच्या ओठांना लावण्याआधी आवडायने त्याचा चेहरा उजेडाकडे वळवून नीट पाहिला होता. हनुवटी धाकूची नव्हती. डोळे धाकूचे नव्हते. तेवढे पाहून झाल्यावर तिने पेजेवर फुंकर घातली.