आधी बस, मग बोल

त्या राज्यात ज्याला बसता येईल, त्याचंच ऐकलं जात असे.

टेकडीच्या अर्ध्यावर एक दगडी ओटा होता. ओट्यावर लाकडी पाट मांडलेले, कुणाचा बुटका, कुणाचा उंच. जो उंच बसेल तो आधी बोलेल, ही तिथली रीत. सगळ्यांत उंच, वेलबुट्टीचा पाट कोळसेरावांचा. जमिनीच्या पोटात ते युगानुयुगं नुसते बसून होते आणि एवढं बसणं दुसऱ्या कुणाला साधलेलं नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताला, पिंपात, तेलशेठ. आणि ओट्याच्या कडेवर, जिथून उतार सुरू होतो तिथे, धोंडोपंत नावाचा एक थोराड धोंडा. राज्याची रीतभात धोंडोपंतांना तोंडपाठ. "माझ्या अंगात केवढा जोर साठलाय बघा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खोटं नव्हतं ते. त्यांना ओट्यावर चढवताना तो जोर कुणाच्या अंगातून गेला, तेवढं मात्र सांगत नसत.

उंबऱ्याशी गोवरीमावशी बसे. राज्यातल्या चुली तिच्यावर पेटत, पण पाट तिला नव्हता. तिच्याशी बोलायचं तर नाक दाबून.

ज्यांना बसताच येत नव्हतं, त्यांना तर कुणी विचारत नसे. वारा आला की ओट्यावरचे म्हणत, "आला काय, गेला काय, याचं काय ऐकायचं?" ऊन रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई, म्हणून ते वाटसरू. आणि झरी टेकडीवरून उड्या मारत यायची, ओट्याचा पायथा घासून खालच्या आळीत उतरायची. तिला म्हणत उनाड.

खालच्या आळीत जातं, भाता, करवत, दोर आणि पहार राहत. आळीच्या मधोमध एक लाकडी चाक होतं. झरी चाकाच्या फळ्यांना ढकलायची, चाक फिरायचं, आणि त्याच्यामागे जातं घरघरायचं, भाता श्वास घ्यायचा, करवत सरसर चालायची. चाक थांबलं की जातं म्हणजे दोन दगड आणि भाता म्हणजे सुरकुतलेलं कातडं. हे आळीला पक्कं ठाऊक होतं.

एकदा चाकाच्या फळ्या कुजल्या. काही गळून पडल्या, चाक लंगडायला लागलं. लाकूड सगळं ओट्याच्या मालकीचं. म्हणून झरी जाता जाता ओट्याला धडकली.

"चाकाला फळ्या हव्यात."

"आधी बस, मग बोल," धोंडोपंत म्हणाले.

"बसले तर मी झरी राहीन का?"

"ते आम्हांला काय ठाऊक? रीत आहे."

तेलशेठ पिंपात डुबुक करून हसले. "जिला धड बूड टेकता येत नाही तिच्यात शक्ती कसली? शक्ती म्हणजे साठा, पोरी. हे बघ, भरलंय पिंप."

"भरलंय ना? मग फिरवा चाक. असेच बसून फिरवा."

कोळसेरावांना ते झोंबलं. खरं तर भांडण फळ्यांचं नव्हतंच. खालची आळी ओट्यावर कधी काही मागायला येत नसे, हे त्यांना फार दिवस सलत होतं. जो मागत नाही तो वाकत नाही.

"पोरीला बसायला शिकवा," कोळसेराव म्हणाले. "तिच्याच भल्याचं आहे. चाकाचं काय ते आम्ही बघू."

धोंडोपंतांचे भाऊबंद आले, एकमेकांच्या डोक्यावर बसले आणि झरीच्या वाटेत भिंत उभी राहिली. एका बाजूला नवी भिंत घातलीच नाही; तिथे ओट्याच्या कडेची उंच भिंतच धरली. दगड वाचले, आणि पोर डोळ्यांसमोर राहील हाही विचार होता. झरी आली, धडकली, मागे फिरली, पुन्हा धडकली. मग तिला जायला जागाच राहिली नाही.

खाली चाक थांबलं. जात्याच्या तोंडातला घास अर्धवट राहिला.

कोळसेरावांनी आपल्या घरातले ठळक तुकडे चाकाखाली पेटायला धाडले. ते ऐटीत जाऊन बसले. चाक तापलं, पण फिरलं नाही.

"ऊब आहे हो," भाता कसाबसा म्हणाला, "पण ढकलणार कोण?"

तेलशेठांनी वरून सल्ला दिला, "पाणी उकळा. वाफ ढकलेल."

"पाणी कुठाय?" करवतीनं विचारलं.

सगळ्यांनी वर भिंतीकडे पाहिलं. ओट्यावरच्यांनीही पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात वाऱ्याला बातमी लागली. तो म्हणाला, "झरीला बसवलंत? मग मीही बसतो." वारा बसला म्हणजे काय होतं ते ओट्याला तेव्हा कळलं. कोळशाचे तुकडे घुसमटले, निखारा विझत आला, नुसता धूर. आळी आता विस्तव मागायला ओट्यावर जाऊ लागली. तिथे तासन्‌तास वाकून उभं राहावं लागे, आणि पदरात धूर पडे. कोळसेरावांना ते चाललं. आळी वाकली होती ना!

भिंत नवीकोरी, उन्हात तापणारी. अशी भिंत रिकामी कोण ठेवतं? गोवरीमावशीला तिच्यावर थापून टाकलं, वाळायला. एका अंगाला ऊन, पलीकडे कोंडलेली झरी.

"डोकं आपटून काय मिळालं?" मावशीनं विचारलं.

"फुटेल कधीतरी."

"डोकं फुटेल, भिंत नाही. ते म्हणतात ना बस? मग बस. पण त्यांच्यासारखी बसू नकोस. उंच बस."

"उंच बसून मी धोंडोपंत होऊ?"

"धोंड्या कसा उंच बसला, ठाऊक आहे का? दोराच्या अंगाच्या चिंध्या झाल्या त्याला ओढताना. पहार वाकली. त्यांचा जोर त्याच्यात गेला आणि हा म्हणतो अंगचा आहे! तुला कुणी ओढत नाहीये, बाई. तू तुझ्या तुझ्या पायांनी चढतेस. रोज चढ. जे साठेल ते तुझं."

"आणि कोळसेराव? त्यांचं तरी अंगचं आहे ना?"

मावशी खो खो हसली, तिचा एक कोपरा ढासळला. "ते एके काळी झाड होते. झाडानं ऊन खाल्लं, मग ते गाडलं गेलं. मी गवत होते. गवतानंही ऊनच खाल्लं, मग ते गाईच्या पोटातून आलं. त्यांच्यात नि माझ्यात फरक एवढाच, की त्यांना वास येत नाही आणि मला येतो. ज्याचं खाल्लं त्याला हे वाटसरू म्हणतात!"

झरी बसली. पहिल्यांदा तिचा आवाज गेला. मग ती चढू लागली, ओट्याच्या पायरीपर्यंत, मग पायरीच्या वर. रोज ती सांध्याच्या फटीतून मावशीवर एक शिंतोडा उडवी, म्हणजे मावशी वाळणार नाही आणि तिला चुलीत नेणार नाहीत.

बसण्याची एक गंमत आहे, ती लागते. झरीच्या अंगावर कमळं आली. बगळे येऊन आपलं रूप तिच्यात बघू लागले. ओट्यावरून तेलशेठ रामराम घालू लागले, धोंडोपंतांनी तर तिच्यासाठी एक छोटासा पाट काठावर ठेवला. पोरगी शिकली, असं सगळे म्हणाले. झरीला ते बरं वाटलं. अंग जड झालं होतं, हिरवं शेवाळ मऊ लागत होतं. कुठे जायचं होतं, ते ती थोडं थोडं विसरत चालली.

मग एके दुपारी करवत टेकडी चढून आली. चालता येत नव्हतं, दोरानं तिला ओढत आणलं होतं. तिचे दात गंजून लाल झाले होते. तिनं काही मागितलं नाही. तिला नुसतं पाण्यात तोंड बघायचं होतं. तिनं पाहिलं, आणि झरीनंही पाहिलं.

"तुझ्या अंगावर कमळं बरी दिसतात हो," करवत म्हणाली, आणि दोरासोबत उतरून गेली.

त्या दिवसानंतर झरीनं बगळ्यांना बसू दिलं नाही. ती झपाट्यानं चढली. ओट्याच्या काठाशी आली, धोंडोपंतांच्या खांद्याशी आली, तेलशेठांच्या पिंपाच्या तोंडाशी आली. भिंत कुरकुरायला लागली. शेवटी एका सभेच्या सकाळी सगळे आपापल्या पाटांवर बसले, आणि कोळसेरावांनी मान वर केली तर झरी त्यांच्याही वर होती. भिंतीच्या काठाला फुगून उभी, एवढीशी ओलांडायची राहिलेली.

कोळसेराव बोलायला तोंड उघडणार, तोच धोंडोपंतांनी खाकरून घेतलं.

"माफ करा, राव. जो उंच बसेल तो आधी बोलेल."

"ती?"

"रीत आहे."

कोळसेराव काळे होतेच, आणखी काळे झाले. "बोल. काय मागतेस? फळ्या ना? देतो फळ्या. आणखी चार पाट देतो. पण बसून राहा."

झरी बोलणार होती, पण तिची नजर भिंतीवर गेली. मावशी अजून तिथेच थापलेली होती, भिंतीच्या आणि ओट्याच्या सांध्यावर.

"मावशी, तू भिजशील. विरघळून जाशील गं."

"मग काय वाळून यांच्या विड्या पेटवू? गवत होते, पुन्हा गवत होईन. ऊन आहे ना वर? ते कुठे बसलंय? तू माझं निमित्त सांगू नकोस हां, सांगून ठेवते."

झरी ओट्याकडे वळली.

"फळ्या मागायला आले होते, तेव्हा बस म्हणालात. बसले. तुमच्यापेक्षा उंच बसले. आता मागायचं काही राहिलं नाही."

"मग बोलायचं काय आहे?"

"एवढंच, की उठते."

आणि ती उठली.

एवढे दिवस चढून साठवलेलं सगळं एका श्वासात धावायला लागलं. सांध्यातून भिंत फुटली, ओट्याची बाजूही तिच्याबरोबर गेली. मावशीचा एक तपकिरी ढग झाला, झरीच्या तोंडाशी, सगळ्यांत पुढे. तेलशेठांचं पिंप आडवं पडून गडगडत निघालं. कोळसेराव भिजले, आणि भिजलेल्या कोळशाला राज्यात कोण विचारतं? धोंडोपंतांच्या पायाखालची माती सरकली आणि ते सुटले. जन्मात पहिल्यांदा धोंडोपंत चालले! उतारावर ते असे काही धडाडले, की त्यांच्या अंगात खरोखरच केवढा जोर होता ते राज्यानं पाहिलं. वाटेतला भिंतीचा उरलेला तुकडा त्यांनीच उडवला. मग ते सपाटीवर आले, थोडे घरंगळले, आणि थांबले. आता अंगात काहीच राहिलं नव्हतं.

"अरे दोरा," ते धापा टाकत म्हणाले, "मला जरा वर..."

दोर स्वतःला गुंडाळत होता. त्यानं एक वेढा टाकला, दुसरा टाकला. "आधी बसा, पंत," तो म्हणाला. "मग बोला."

वारा उठला. आळीपर्यंत येईतो झरीचा राग ओसरला होता, तिची पावलं ओळखीची झाली होती. तिनं चाकाला हात लावला. उरलेल्या फळ्यांवर चाक लंगडत का होईना, फिरलं. भात्यानं केवढा तरी मोठा श्वास घेतला. जात्यानं तोंडातला जुना घास गिळला. करवतीचा गंज झडायला लागला.

झरीच्या पाठीवरून ओट्यावरचे पाट तरंगत आले होते. बुटके, उंच, सगळे चाकाशी येऊन अडकले. करवतीनं त्यांचे पाय कापले, पहारीनं खिळे ठोकले, आणि जिथे जिथे फळी गळाली होती तिथे तिथे एक एक पाट बसला.

काठावर, मावशीचा ढग जिथे जमिनीत जिरला होता, तिथे पुढे गवत उगवलं, उन्हाकडे तोंड करून. गवताला तिथून चाक छान दिसतं. वेलबुट्टीचा पाट पाण्यातून ओला होऊन वर येतो, वर, आणखी वर, क्षणभर सगळ्यांच्या डोक्यावर असतो, आणि मग मुकाट्यानं खाली यायला लागतो, मागच्या पाटाला जागा करून देत.