ओसाड दरवाजापुढची रांगोळी

उद्या गडाचा दरवाजा पाडणार, या काळजीनं सगुणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. नवरा तिथला पहारेकरी, आणि दरवाजातल्या देवडीतच त्यांचा संसार. पण एका इंग्रज चिताऱ्यानं त्या दरवाजाचं चित्र काढलं, शोभेसाठी पदरच्या भेगा नि पारंब्या घातल्या आणि ते संस्थानच्या कारभाऱ्यांना भेट दिलं. कारभारी पंतांना नव्या बंगल्यासाठी दगड हवेच होते; त्या चित्रावरून त्यांनी दरवाजा पडका ठरवला.

सकाळी पंत चित्र, शिपाई आणि पाडकामाचे गडी घेऊन आले. लेकीला, ठकीला कडेवर घेऊन सगुणा पुढं झाली.

"पंत, आम्ही राहतो इथं. आणि भेग कुठाय भिंतीला?"

"बाई, साहेब दिसतं तेच काढतो. चित्रात आहे का कुणी? दरवाजा पडका आणि ओसाड."

"म्हणजे चित्रात खोटं काहीच नाही?"

"एक रेघसुद्धा नाही."

"मग चित्रातली उंबऱ्यापुढची ही रांगोळीही खरीच. ओसाड दारात रोज रांगोळी कोण घालतं, पंत? वटवाघळं?"

शिपाई गालात हसले. रांगोळी खोटी म्हणावी, तर भेगाही खोट्या ठरत होत्या. पंतांनी चित्र गुंडाळलं आणि गडी माघारी नेले.

सगुणाला मात्र चित्रातली रिकामी पायरी डोळ्यांपुढून हलेना. चित्र काढताना साहेबानं तिथं ठकीला हौसेनं बसवलं होतं. चित्रात उतरलं की लेकराचं आयुष्य घटतं, या भीतीनं तिनंच तिला आत ओढलं होतं.

"आई," ठकी म्हणाली, "मी सारखी हलत होते म्हणून उठवलंस ना? आता नाही हलणार."