काटेरी लगाम

सून चिमाबाईंच्या माहेरहून आलेल्या घोडीसाठी सरदार खंडोजीरावांनी तोंडात टोचणाऱ्या काटेरी कडीचा लगाम मागवला. सासऱ्यांपुढे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. तरी चिमाबाईंनी गुळगुळीत कडीचा साधा लगाम पुढे केला.

"साधा? छे!" खंडोजीरावांनी तबेल्यातल्या स्वतःच्या घोड्याकडे बोट दाखवलं. "काटेरी लगाम चढवल्यापासून हा माझ्यापुढे कसा मान खाली घालून उभा असतो, बघा. याला म्हणतात अदब!"

चिमाबाईंनी पदर सावरला. "मामंजी, परवा दाढ ठणकत होती तेव्हा आपणही दिवसभर मान खाली घालून बसला होता. ती अदब कुणापुढे होती?"

खंडोजीरावांचा हात नकळत गालाकडे गेला.

"साधे लगाम दोन आणा," ते पुटपुटले.